पोळपाट-लाटणं घेऊन जायचं बोलावणं

(पत्र लांब होतं, थोडं कापलंय. शब्द तिचेच.)

ताई,

मी तासगावची. टेक्सासमधल्या एल पासोला एमएस करतेय, तिसरं सेमिस्टर संपत आलंय. इथे वर्गात पाचातले चार मेक्सिकन घरातले. एका कोर्सला शेवटच्या वर्षाची बीएसची मुलं आणि आम्ही एकत्र बसतो. प्रोजेक्टला चौघं होतो, मी आणि तिघं इथलेच. त्यातली एक नदीपलीकडून, हुआरेसहून, रोज पूल ओलांडून येते. डेमोच्या आधीच्या रिहर्सलला आठची वेळ ठरली होती, ती सव्वानऊला आली. त्याआधीही दोनदा असंच झालेलं. मी रात्रभर जागून कोड दुरुस्त केला होता. ती यायच्या आत मी ग्रुपवर लिहून टाकलं, "आमच्यातले काही जण इथे शिकायला आलेत." कोणी काही बोललं नाही. ती आली, बसली, आपला भाग चोख केला. डेमो उत्तम झाला. नंतर दुसऱ्याने सांगितलं की ती त्या दिवशी पाचला घरून निघाली होती, पुलावर तीन तास रांग होती, आणि संध्याकाळी ती एका दुकानात काम करते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि आता तिचाच मेसेज. रविवारी तिच्या मावशीकडे, इथे एल पासोतच, "तमालादा" आहे, ये. पुढच्या शनिवारी तिचं ग्रॅज्युएशन, त्यालाही ये. 16 तारखेला हुआरेसला आजीकडे "पोसादा", जमलं तर तिथेही. ती का बोलावतेय? कीव येते म्हणून? की चारचौघांत लाजवायला? सोमवारी माझी फायनल आहे. मी शाकाहारी, आणि ते लोक पिठातच डुकराची चरबी घालतात म्हणे. स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. फ्लॅटमधले आपले चौघे म्हणतात, आपला त्यांचा काय संबंध, परीक्षा झाली की वेगासला चल. हुआरेसचं नाव काढताच बाबांनी फोनवर आवाज चढवला.

खरं दुखणं वेगळंच आहे. या लोकांचं अख्खं गाव इथे आहे. डिसेंबर आला की त्यांच्या घरात माणसं मावत नाहीत. मी मात्र तिकीट परवडत नाही म्हणून रिकाम्या फ्लॅटमध्ये हीटरसमोर बसणार. काय करू?

पुलाअलीकडची


अगं पुलाअलीकडचे,

रविवारी जा. फायनल्सचा आठवडा तिलाही आहेच, आणि ती तर जाणारच आहे. बाकीचं सावकाश सांगते.

आधी एक गैरसमज काढू. तुला कोणी जेवायला बोलावलेलं नाही. तमालादा म्हणजे तमालेस करायचा दिवस. मक्याच्या पिठात सारण भरून, कणसाच्या सालात गुंडाळून वाफवतात, ते तमालेस. खाणं होतं, पण अंधार पडल्यावर, आणि तेही भांडी घासता घासता. तुझ्या आईला विचार, उन्हाळ्यात पापडाचा घाट घातला की शेजारणीला काय निरोप जायचा. "उद्या दुपारी पोळपाट-लाटणं घेऊन ये गं." त्यात कीव नसायची आणि मानपानही नसायचा. जिच्याशी आदल्या दिवशी नळावरून कडाक्याचं भांडण झालंय तिलाही निरोप जायचा, कारण पाच किलो उडदाचं पीठ दोन हातांनी लाटून होत नाही. ती यायची, गप्प बसून दहा पापड लाटायची, अकराव्याला कोणाच्या तरी सुनेचा विषय निघायचा, झालं. भांडण मिटलं असं कोणी म्हणायचं नाही. तुला आलेला मेसेज याच जातीचा आहे.

आता तिथे काय चालतं ते सांगते, म्हणजे दारातून आत गेल्यावर बावरणार नाहीस. टेबलावर, स्टुलांवर, वॉशिंग मशीनवरसुद्धा परातीच पराती असतील. एकीत मक्याच्या कणसाची वाळकी सालं गरम पाण्यात भिजत पडलेली. त्यांना ओहास म्हणतात. दुसरीत मासा, म्हणजे पीठ. मासळी नव्हे गं, दचकू नकोस. मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा, त्याची सालपटं चोळून काढायची आणि मग ओलाच दळायचा, ते हे पीठ. चुना म्हणजे आपण पानाला लावतो तोच. ते पीठ इतकं फेटायचं की चिमूटभर गोळी पेल्यातल्या पाण्यात टाकली तर ती वर तरंगली पाहिजे. बुडाली की मावशी पुन्हा फेटायला लावणार. सालाला दोन बाजू असतात, एक खरबरीत, शिरांची, आणि दुसरी गुळगुळीत. पीठ गुळगुळीत बाजूला लावायचं, चमच्याच्या पाठीने, रुंद टोकाकडून, आणि निमुळतं टोक कोरं ठेवायचं. पहिली पाच-सहा तुझी जाड होतील. कोणीतरी बाई एक शब्द न बोलता तुझ्या हातातून साल घेईल, जादाचं पीठ खरवडून परातीत टाकेल आणि साल परत देईल. तो अपमान नाही. मला पुरणपोळी शिकवताना सासूबाईंनी याहून वाईट केलं होतं.

मग सारण, घडी, आणि मोठ्या वाफेच्या पातेल्यात उभी रचणी. तळाच्या पाण्यात कित्येक घरांत एक नाणं टाकतात. पाणी उकळतंय तोवर ते खडखडत राहतं. खडखड थांबली की पाणी आटलं, ओता. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आजीच्या बासुंदीच्या पातेल्यातली बशी आठवली आणि परक्या स्वयंपाकघरात डोळ्यांत पाणी आलं. कांदा कापत नव्हते, त्यामुळे सबबही नव्हती.

ते स्वयंपाकघर कुठलं, तेही सांगून टाकते. मी 1994 साली शिकायला गेले. मध्य-पश्चिमेतलं एक विद्यापीठ, नाव नको. पहिल्याच डिसेंबरात हॉस्टेलच्या दारावर कागद चिकटला की हिवाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे इमारत बंद, सगळ्यांनी बाहेर पडायचं. परदेशी मुलांनी जायचं कुठे, याचा विचार कागद चिकटवणाऱ्याने केलेला नव्हता. माझी रूममेट टेक्सासच्या दक्षिण टोकाची, रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातली. तिचे आईवडील एके काळी दर उन्हाळ्यात बीट आणि काकडीच्या हंगामाला उत्तरेत मजुरीला यायचे, म्हणजे आपल्याकडचे ऊसतोडीवाले समज. तिने मला गाडीत घातलं. दोन दिवसांचा रस्ता. आणि तिच्या घरी पोचल्यावर मी काय केलं? दोन दिवस सोफ्यावर पुस्तक घेऊन बसले. कोणी काम सांगत नव्हतं, मला वाटलं पाहुणीने मधे मधे करू नये. घरातल्या बायका माझ्याकडे बघून हसायच्या आणि निघून जायच्या. तिसऱ्या दिवशी तिच्या आजीने भिजलेल्या सालांची परात सरळ माझ्या मांडीवर ठेवली. पाणी ओघळून जीन्स भिजली. त्या दिवसापासून मला नावाने हाका मारायला लागले. सोफ्यावरचे दोन दिवस फुकट गेले, ते तुझे जाऊ नयेत म्हणून हे सगळं.

आता त्या वाक्याकडे येऊ.

तू तीनदा ताटकळलीस, रात्रभर जागलीस, चिडलीस. चिडणं खोटं नव्हतं. "तुला आठ जमत नाहीत, दहाला भेटायचं का?" असं तू विचारलं असतंस तर मी तुझ्याच बाजूने असते. पण तू तिच्या उशिराबद्दल बोललीच नाहीस. "काही जण शिकायला आलेत" म्हणजे बाकीचे कशाला आलेत? हे वाक्य तू रागात सहज लिहिलंस, पण तिच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं आहे. तिच्या आजोबांच्या पिढीत टेक्सासच्या शाळांत वर्गात स्पॅनिश बोललं म्हणून मुलांना छड्या खाव्या लागायच्या. मेक्सिकन मुलगा म्हणजे सुतारकाम शिकवा, मुलगी म्हणजे शिवणकाम, कॉलेजचा फॉर्म त्यांना देऊन उपयोग काय, अशी शाळांची रीतच होती. याच रागातून मार्च 1968 मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधली हजारो शाळकरी मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. पुढच्या वर्षी सांता बार्बराला विद्यार्थी आणि प्राध्यापक जमले, आणि तिथून कॅम्पसा-कॅम्पसावर मेचा नावाची विद्यार्थी संघटना उभी राहिली. 1974 साली लॉस एंजेलिसमध्ये काही इंजिनिअरांनी शेपे काढली, हिस्पॅनिक इंजिनिअरांची सोसायटी. इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या बहुतेक मोठ्या कॅम्पसवर आज तिच्या विद्यार्थी शाखा आहेत. तू म्हणतेस ना, त्यांचं अख्खं गाव इथे आहे? ते आयतं मिळालेलं नाही. कुलपं लावलेल्या दारांबाहेर उभं राहून एकेकाने ते जमवलंय. (आणि शेपेला तूही जाऊ शकतेस. मेंबर व्हायला आडनाव गार्सियाच असावं लागतं असं नाही.)

दुसरं, "नदीपलीकडून" हा शब्द. तू तो परगाव म्हटल्यासारखा वापरलास. 1848 साली अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणारा तह होऊन रिओ ग्रांदे ही सरहद्द ठरली, त्याआधी दोन्ही काठ मिळून एकच एल पासो देल नोर्ते होतं. दक्षिण काठाला सिउदाद हुआरेस हे नाव 1888 मध्ये मिळालं, मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांच्यावरून. माणसं तीच राहिली, मावशी या काठाला आणि आजी त्या काठाला. आपल्या चंदगड-बेळगावकडच्या घरांना हे समजावून सांगावं लागत नाही, फक्त तिथे मधे पासपोर्ट लागत नाही. इथे चार पूल आहेत, त्यांतल्या एखाद्यावरून रोज हजारो माणसं शाळेला, कामाला, दवाखान्याला येतात. रांग कधी वीस मिनिटांची, कधी तीन तासांची, आणि कुठली मिळणार ते घरून निघताना कळत नाही. डिसेंबरात तर खरेदीची गर्दी. तू तासगावहून सांगलीच्या कॉलेजला एसटीने जायचीस का? एसटी चुकली की सरांना काय सांगायचं, हे रोज ठरवायचीस का? की एका टप्प्यानंतर सांगणंच सोडून दिलंस?

तिने तुला कारण का दिलं नाही, याचं उत्तर त्यात आहे.

माफी मागायची, पण लांबण लावायची नाही. वाक्य ग्रुपवर लिहिलंस, तर माफीही आधी ग्रुपवरच, रविवारच्या आत. "मी त्या दिवशी जे लिहिलं ते चुकीचं होतं. सॉरी. तुझ्याशिवाय डेमो झाला नसता." एवढंच. "मला रांगेचं माहीत नव्हतं" हे त्यात घालू नकोस. माहीत असतं तर तेच वाक्य चाललं असतं का? आणि "मी खूप स्ट्रेसमध्ये होते" हेही नको, डिसेंबरात कॅम्पसवर दुसरं कोण काय असतं? मग रविवारी, दोघी शेजारी पीठ लावत असाल तेव्हा, एकदा तोंडाने "पेरदोन" म्हण. ती बहुधा खांदे उडवेल आणि विषय बदलेल. तो बदलू दे. पुन्हा पुन्हा माफी मागून तिला तुझी समजूत काढायला लावू नकोस.

खाण्याचं. तुझी भीती खरी आहे, आणि ती फक्त पिठापुरती नाही. माशात परंपरेने मांतेका, म्हणजे डुकराची चरबी, फेटतात. मिरची-चीजचे तमालेस असतात, राहास कोन केसो, ते बघून शाकाहारी माणूस सुटकेचा श्वास टाकतो, पण पीठ तेच असतं. गोड, बेदाण्यांच्या तमालेसचंही तेच. परतलेल्या घोटीव राजम्यात मांतेका असू शकते, गव्हाच्या तोर्तियात असू शकते, आणि लालसर भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. म्हणून आदल्या दिवशीच मैत्रिणीला एका ओळीत सांग की मी मांस आणि चरबी खात नाही, माझ्यासाठी वेगळं काही करू नका, मी काम करायला येतेय. ते वेगळं करतीलच. कोणीतरी दोन वाट्या पीठ तेलात किंवा वनस्पतीत फेटून बाजूला ठेवेल आणि तुझ्या तमालेसना खूण म्हणून सालाची पट्टी वेगळ्या गाठीने बांधेल. आपण उपासाची साबुदाण्याची कढई वेगळी ठेवतो, तसं. समजा नाहीच केलं, तर ताटात मोकळं काय आहे ते बघ. पोंचे प्यायला मिळेल, तो निर्धास्त पी. पेरू, ऊस, चिंच, दालचिनी, लाल अंबाडीची बोंडं आणि पिलोन्सियो घालून तो उकळतात. पिलोन्सियो म्हणजे चक्क गूळ, ढेपेऐवजी शंकूच्या आकाराचा. मोठ्यांच्या पातेल्यात रम असते, तेवढं आधी विचारून घे.

रिकाम्या हाताने जाऊ नकोस, पण दुकानातले काजूकतलीचे डबेही नेऊ नकोस. शेंगदाण्याची चिक्की कर. तिथे ती पालांकेता नावाने आधीपासून आहे, आणि मजा त्यातच आहे. मावशी तुकडा मोडून म्हणेल, ही तर आमची. तू म्हण, नाही, आमची. पुढचा अर्धा तास भाषा लागणार नाही.

भाषेचं म्हणशील तर त्या घरातली तुझ्या वयाची सगळी मुलं तुझ्याइतकंच इंग्रजी बोलतात. वयस्कर बायकांसाठी चार शब्द पाठ कर. आत शिरताना, कोणाच्या मागून जाताना "कोन पेरमिसो". जेवणाऱ्यांना "प्रोवेचो". आणि मुख्य म्हणजे मावशीसमोर उभं राहून "एन के ले आयुदो?", काय मदत करू? त्यातला "ले" हा अहो-जाहोचा आहे. थोरांना ते आपल्यासारखंच आदरार्थी बोलतात, आणि परकी मुलगी ते बोलली की घर वितळतं. कोणी "मिहा" म्हणालं तर ते "बाळा" आहे. निघताना फॉइलमध्ये गुंडाळून डझनभर तमालेस हातात देतील, त्याला इताकाते म्हणतात. मला विचारशील तर शिदोरी हा एकच शब्द त्याला बसतो. नको नको म्हणू नकोस, तिथेही ते उद्धटपणाचं धरतात. आणि निरोप घेतल्यावर दारात आणखी पाऊण तास उभं राहायची तयारी ठेव. हे तुला नवीन नाही.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळ. कोणाला कागदपत्रांबद्दल विचारायचं नाही. तू सिटिझन आहेस का, आजीला व्हिसा आहे का, तू पलीकडे का राहतेस, काहीही नाही. एकाच टेबलावर नागरिक असतो, ग्रीन कार्डवाली काकू असते, 2012 च्या डाका योजनेच्या (लहानपणी कागदांशिवाय आणलेल्या मुलांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण) भरवशावर दिवस काढणारा चुलतभाऊ असतो, आणि ज्याच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही असाही कोणी असतो. आपल्या लोकांना "स्टेटस काय तुझं?" हे नाव विचारल्यासारखं विचारायची सवय लागलीये. ती सवय दाराबाहेर ठेव. दुसरं, त्या घरातले फोटो विचारल्याशिवाय कुठेही टाकू नकोस. त्यांना काय म्हणायचं हाही एक घोळ आहे, हिस्पॅनिक, लातिनो, चिकानो, मेक्सिकन. ती स्वतःला जे म्हणते ते म्हण, विषय संपला.

फ्लॅटमधल्या चौघांना माझा एक निरोप दे. आपला त्यांचा काय संबंध, तर वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदरचे क्रांतिकारक, शेतकी शिकायला ओरेगनला गेलेले. इंग्रजांमुळे मायदेशी परतणं बंद झालं, तेव्हा 1924 च्या सुमारास मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवायला लागले. मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत दिएगो रिव्हेराच्या एका भित्तिचित्रात ते आहेत, भरल्या टेबलाशी बसून पाव मोडून वाटताना. कणसाच्या सालाला पीठ लावणारी तू काही पहिली मराठी बाई नसशील, पण मक्यातून त्या लोकांच्या घरात शिरणारा पहिला मराठी माणूस कोण, हे त्यांना विचार. नाही आलं तर वेगासचा पेट्रोलखर्च त्यांचा. आणि हो, ज्या कॅम्पसवर उभं राहून ते संबंध विचारतायत, ते 1917 पासून भूतानच्या किल्ल्यांसारखं बांधलंय. डीनच्या बायकोने 1914 च्या एका मासिकात भूतानचे फोटो पाहिले आणि तिला वाटलं, आपल्या डोंगरांना हे शोभेल. तिने संबंध विचारला नव्हता.

ग्रॅज्युएशनला जा, आणि वेळेवर जा, त्या दिवशी तरी पुलाची रांग तुझ्या वाट्याला नाही. त्या दिवसाचं वजन तुला आत्ता कळणार नाही. तुझे बाबा बीकॉम असतील, काका इंजिनिअर. तुझं पदवीदान हा घरातला एक समारंभ होता. तिथे पुष्कळ घरांत तो पहिलाच असतो. आदल्या दिवशी, 12 डिसेंबरला, ग्वादालुपेच्या देवीचा दिवस. पहाटे चर्चमध्ये देवीला गाणी म्हणायला जागरण झालेलं असेल, कधी कधी त्याच दिवशी फायनलही देऊन झालेली असेल. मग शनिवारी तीन पिढ्या नटूनथटून स्टँडमध्ये. मुलांच्या टोपीच्या सपाट माथ्यावर रंगीत कागदी फुलं आणि अक्षरं चिकटवलेली. "पारा मिस पाद्रेस", माझ्या आईवडिलांसाठी. किंवा "सी से पुएदे", होतंय की! 1972 साली शेतमजुरांच्या लढ्यात डोलोरेस वेर्ता यांनी दिलेली घोषणा आता मेकॅनिकल इंजिनिअरच्या टोपीवर असते. गळ्यात सारापेच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची शाल. आपला खणाचा तुकडा डोळ्यांसमोर आण, तसे उभे रंग. बऱ्याचदा समारंभ झाल्यावर ती शाल काढून आईच्या गळ्यात घालतात. तेव्हा कॅमेरा खाली ठेव.

इतर काही कॅम्पसवर लातिनो मुलांसाठी वेगळा, दोन भाषांतला समारंभ असतो. टेक्सासमध्ये 2023 च्या एसबी 17 कायद्याने सरकारी विद्यापीठांतली विविधतेची कार्यालयं 1 जानेवारी 2024 पासून बंद झाली, तेव्हापासून राज्यात काही ठिकाणी मुलं आणि माजी विद्यार्थी वर्गणी काढून तो स्वतःच करतात. गणपतीच्या वर्गणीवर वाढलेल्या माणसाला यात वेगळं काही वाटू नये. एल पासोत मात्र मुख्य समारंभच असा असतो, तिथे वेगळा मांडव घालायची गरजच पडत नाही. तिचं नाव पुकारलं की तिचं घर भोंगे वाजवेल, ओरडेल. तूही ओरड. तुझ्या फ्लॅटमध्ये तुझ्या नावाने ओरडायला पुढच्या वर्षी कोण असणार आहे, याचा विचार त्या गोंगाटात आपोआप होईल.

आता हुआरेस. इथे मी बाबांच्या बाजूने आहे, पण कारण त्यांचं नाही. पोसादा ही सुंदर गोष्ट आहे. 16 ते 24 डिसेंबर, नऊ रात्री, येशूचे आईवडील मरिया आणि होसे राहायला जागा मागत दारोदार फिरले तसं गाणं म्हणत दारात उभं राहायचं. आतले आधी नाही म्हणतात, मग दार उघडतात. मैत्रिणीबरोबर, तिच्या आजीच्या घरी जाणं म्हणजे रात्री एकटीने अनोळखी गल्लीत हिंडणं नव्हे. माझी काळजी परतीच्या रांगेची आहे. तू एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेस. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, जाणं सोपं आहे. परत येताना पासपोर्टमधला व्हिसा चालू आणि अनेकदा प्रवेशाचा हवा, आय-20 वर, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर, प्रवासाची सही एका वर्षाच्या आतली हवी, आणि पुलावरच्या अधिकाऱ्याचं मन त्या दिवशी शांत हवं. व्हिसा संपलेला असला तरी शेजारच्या देशातून तीस दिवसांच्या आत परतण्याची एक सवलत आहे, पण तिला अटी आहेत आणि मी तुला तिच्या भरवशावर पूल ओलांडू देणार नाही. आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात कागद दाखवून ये. त्यांनी स्वच्छ हो म्हटलं तर बाबांना ते सांग आणि जा, दिवसा जा, तिच्याच बरोबर परत ये. जरा जरी "बहुतेक चालेल" असा सूर लागला तर या वर्षी नको. मैत्रिणीला खरं कारण सांग: माझे कागद कच्चे आहेत, तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग. पूल म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागणार नाही.

मग उरला रिकामा फ्लॅट. वेगासला दोन दिवस जाऊन ये, त्यात काही वाईट नाही. परत आलीस की मावशीला फोन कर. 6 जानेवारीला तिथे रोस्का कापतात, मोठा, कड्याच्या आकाराचा गोड पाव, आत एक इवलासा बाहुला लपवलेला. बोलावलं नाही तर विचार, "रोस्का कधी कापताय?" मी असं निर्लज्जपणे विचारूनच गेले होते. कापताना सुरी जपून चालव. बाहुला तुझ्या तुकड्यात निघाला, तर 2 फेब्रुवारीला सगळ्यांना तमालेस घालायची जबाबदारी तुझी. वीस-पंचवीस माणसं धर. साल गुळगुळीत बाजूने, पीठ तेलात फेटलेलं, पाण्यात नाणं टाकायला विसरू नकोस. आणि फ्लॅटमधल्या चौघांना आदल्या दिवशीच निरोप दे, पोळपाट नसला तरी चमचा घेऊन बसा.

तुझी,
ताई